लोड दिल्यावर

वादी कबीरचे डोंगर गवताशिवायचे,
दुपारी त्यांची धग आमच्या शटरपर्यंत चालत येते.
थंडीने बॅटऱ्या मरतात म्हणे कुठे कुठे.
मस्कतमध्ये त्या उन्हाने मरतात,
आतलं पाणी गुपचूप उडतं, आणि कुणीतरी
गाडी ढकलत दारात येतं.
त्या जुलैत गुलशेर आला होता.
मागच्या डब्यात कुणाचीतरी बिर्याणी.
"उस्ताद, सेल्फ नुसता टकटक करतोय."

टकटक म्हणजे गेलेली नाही.
गेलेली काहीच बोलत नाही.

अन्सार तेव्हा खेडहून नवा आला होता. त्याला म्हटलं, बघ,
आधी काळी वायर सोडव, मग लाल. जोडताना उलटं.
टर्मिनलवर पांढरं पीठ साचलंय ना,
त्यावर खायच्या सोड्याचं गरम पाणी ओत, फेस येऊ दे,
कोरडं पूस, वर व्हॅसलिनचं बोट फिरव.
नळाचं पाणी आत घालायचं नाही,
गिऱ्हाईक डोक्यावर उभं असलं तरी.
आणि मीटरवर लगेच विश्वास ठेवायचा नाही.

बारा पॉइंट सहा. पोरगं खूश :
"काका, फुल आहे!"
आता सेल्फ दाब, म्हटलं.
हातातून पोहरा सुटावा तसा आकडा
खाली गेला, नऊच्याही खाली.

नुसत्या बसलेल्या असतात तेव्हा
सगळ्याच भरलेल्या दिसतात.
लोड दिल्यावर कळतं.

रात्री साडेआठला कुंदाचा फोन.
"कसे आहात?"
"मजेत."
"जेवलात?"
"हो."
मी मीटर पुसून ड्रॉवरमध्ये ठेवतो.

सुट्टीवर जाणारे गाड्या मागच्या पत्र्याखाली लावतात.
डब्याखालचा ट्रॅकर गाडी बंद असली तरी
घोट घोट पीत राहतो, म्हणून बॅटऱ्या काढून
मी फळीवर मांडतो. तेरा आहेत,
प्रत्येकीवर टेप, टेपवर नाव.
शुक्रवारी शटर अर्धं ओढून
चार्जर एकीवरून दुसरीवर फिरवत बसतो.
पाऊण अँपिअर, त्यावर नाही.
घाईने भरली तर उकळते, प्लेटा वाकतात.

गुलशेर चाळीस दिवसांसाठी गेला होता,
बहिणीचं लग्न, मर्दानला.
त्याला अकरा महिने झाले.
नंबर लागत नाही.
अन्सार म्हणतो, भंगारवाला किलोवर घेतोय, देऊन टाकू?
मी म्हणतो, पुढच्या शुक्रवारी बघू.
चिमटे लावतो. लाल दिवा
चार तासांनी हिरवा होतो.

आणि पालशेतला माझी स्वतःची स्प्लेंडर
पडवीत ताडपत्रीखाली.
दर फोनला सांगायचो, आठवड्यातून एकदा
दहा मिनिटं चालू ठेवायला सांग कुणाला तरी.
ती हो म्हणायची.
तेरा परक्या बॅटऱ्या जिवंत ठेवणारा मी,
घरची कधी गेली, मला पत्ताही नाही.

परवा विचारलं, बॅटरी काढून फळीवर ठेवलीस का?
"ती ना? मार्चमध्येच विकली. दोनशे आले."
आणि गाडी?
"गाडी आहे की. किक मारते.
शनिवारी शृंगारतळीला जाते, बाजाराला.
परवा नारळाचं पोतं आणलं मागे बांधून."
तू?
"मग कोण?"

अगं, इंडिकेटर लागणार नाहीत.
"हात दाखवते."
हॉर्न वाजणार नाही.
"ओरडते."

पुढचं काही सुचेना.
फळीवर कुठलातरी चार्जर बारीक गुणगुणत होता.
म्हटलं, कशी ओरडतेस, दाखव.

तिने दाखवलं.
हातातला पाना टाकून
अन्सार मागून धावत आला.